शंभरातले सत्त्याहत्तर

तौर सर माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "रत्नमाला, उगवण पाहिली का?"

"पाहिली, सर," मी म्हणाले.

धडधडीत खोटं. तेही शनिवारी सकाळी दहा वाजता, अंगावर धुतलेली साडी आणि कपाळावर देवाचा अंगारा असताना. सरांनी माझ्याकडे चष्म्याच्या वरून क्षणभर पाहिलं, "बरं" म्हणाले आणि आपल्या केबिनमध्ये निघून गेले. मी समोरच्या पडद्याकडे बघत बसले. अक्षरं दिसत होती, पण वाचता येत नव्हती.

याला तेरा वर्षं झाली. जालन्याच्या एमआयडीसीतली आमची बियाण्यांची कंपनी तेव्हा फार मोठी नव्हती. मालक मुंदडा, त्यांना सगळे भाईजी म्हणत. कपाशीचे आणि बाजरीचे संकरित वाण तयार करणारे डॉक्टर तौर. आणि मी, रत्नमाला खांडेभराड, हुद्द्यानं 'रेकॉर्ड असिस्टंट', पण कंपनीतल्या संगणकांना हात लावायची हिंमत असलेली एकटीच, म्हणून सगळ्यांची 'कॉम्प्युटर मॅडम'. हिंमत हा शब्द मी स्वतःसाठी वापरावा हेच मुळात हसण्यासारखं आहे. मी जन्माची भित्री. पाल दिसली तरी पलंगावर चढणारी. बारावीनंतर टायपिंग आणि सहा महिन्यांचा संगणकाचा कोर्स, एवढ्या भांडवलावर मी त्या खुर्चीत बसले होते आणि कोणीतरी येऊन 'उठा' म्हणेल याची आठ वर्षं वाट बघत होते.

आता उगवणीचं सांगते. बियाणं पिशवीत भरण्याआधी आमच्याकडे त्यातले शंभर दाणे काढतात. तेही वरवरचे नाहीत, पोत्यात टोकदार नळी खुपसून वेगवेगळ्या कोपऱ्यांतले. ते ओल्या कागदावर ओळीनं मांडायचे, कागदाची गुंडाळी करायची आणि ठरलेल्या दिवशी उघडून किती उगवले ते मोजायचे. कपाशीचे पंचाहत्तर तरी उगवावे लागतात. त्याच्या खाली एक जरी कमी आला तरी माल बाजारात जात नाही. तौर सरांना जगातल्या सगळ्या गोष्टींची उगवण पाहायची सवय होती. मुलीचं स्थळ आलं तेव्हाही ते मुलाच्या गावी जाऊन चार दिवस राहून आले होते.

आणि या वेळी ते विचारत होते ते बियाण्याचं नव्हतं, क्लाउडचं होतं.

कोल्ड रूममधल्या आमच्या पाकिटांवर फक्त आकडे असायचे. चारशे सतरा, नऊशे दोन, असे. त्या पाकिटात कोणत्या ओळीचं, म्हणजे कोणत्या वंशाचं, बी आहे, तिची मादी कोणती, नर कोणता, कोणत्या साली कशाशी संकर केला, हे पूर्वी सरांच्या रजिस्टरांत असे. मग एका कारकुनानं रजिस्टरच्या पानांचे फोटो काढून ते दुसऱ्या कंपनीला दिले. भाईजी इतके भडकले, की मी सहा महिने खपून सगळी रजिस्टरं संगणकात भरल्यावर त्यांनी ती बॉयलरमध्ये जाळली. "कागदच नाही, तर चोरणार काय?" म्हणाले. सर शेजारी उभे होते. अठ्ठावीस वर्षांचं काम जळत होतं आणि ते नुसते हात मागे बांधून बघत होते.

म्हणजे आता सरांचं सगळं आयुष्य आमच्या ऑफिसातल्या एका सर्व्हरवर होतं. ते नाही, तर कोल्ड रूममधली पाकिटं म्हणजे नुसतं बी. पेरता येईल, पण ते काय आहे हे कोणालाच सांगता येणार नाही. तशात मागच्या मे महिन्यात एसी बंद पडला आणि सर्व्हर तापून दोन दिवस मुका झाला. तो परत सुरू झाला तेव्हा भाईजींनी ठरवलं, की सगळी माहिती क्लाउडवर टाकायची, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी दूरच्या मोठाल्या संगणकांवर भाड्यानं ठेवायची. आणि इथे तिची एकही नक्कल ठेवायची नाही. करारावर सही झाली, की सर्व्हरच्या डिस्क हातोड्यानं फोडायच्या.

कंपनी निवडायचं काम माझ्याकडे आलं.

शेवटी दोन उरल्या. एक परदेशी, मोठी, सगळा कारभार इंग्रजीत. दुसरी पुण्याची, तिचं नाव नभकोश. दोघांनीही महिनाभर फुकट वापरून बघायला दिलं होतं आणि आमच्या सगळ्या फायली दोघांकडेही रोज जात होत्या. मी दोघांचा तक्ता केला. किंमत, जागा, सुरक्षा, मदत. शेवटच्या रकान्यात परदेशी कंपनीपुढे मी लिहिलं होतं, 'मदत वेळेवर मिळत नाही.' नभकोशपुढे, 'उत्तम.' तक्ता बघून भाईजी म्हणाले, "मग विचार कसला? पुण्यालाच देऊन टाका." सोमवारी सकाळी अकराला सही ठरली.

आणि शनिवारी सरांनी विचारलं, म्हणजे तिथे ठेवलेलं परत मागवून पाहिलं का, असं.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. डबा उघडला आणि तसाच बंद केला. सरांनी दिवसभरात पुन्हा काही विचारलं नाही, हे जास्तच वाईट होतं. घरी नवऱ्यानं विचारलं, "काय झालं गं? कोणी बोललं का?" मी म्हणाले, "उन्हाचं होतंय." रविवारी सकाळी पोळ्या लाटताना माझ्या मनात एकदम आलं, की उद्या दुपारपर्यंत डिस्क फुटलेल्या असतील. लाटणं हातातून सुटलं. अर्ध्या तासात मी रिक्षात होते.

वॉचमन म्हणाला, "मॅडम, आज रविवार हाय."

"माहितीये, मामा. थोडं राहिलंय."

ऑफिसात चिटपाखरू नव्हतं. मी पंखा लावला आणि सरांच्या पद्धतीनंच शंभर आकडे काढले. वरचे नाहीत, सगळ्या कोपऱ्यांतले. जुन्या ओळी, नव्या ओळी, मधल्या. कागदावर लिहिले आणि नभकोशच्या पानावर जाऊन त्या शंभर फायली परत मागवल्या. आमचं इंटरनेट तेव्हा मुंगीच्या पावलानं चालायचं. दीड तास लागला. तेवढ्या वेळात मी पुडीतला अर्धा अंगारा कपाळाला लावला असेल.

मग एकेक फाईल उघडून खूण करत गेले. आहे. आहे. आहे. चाळीसपर्यंत सगळ्या आल्या आणि माझा जीव भांड्यात पडला. इतकी वर्षं उगाच घाबरतो आपण, असंही वाटलं. एक्केचाळिसावी आलीच नव्हती. बेचाळिसावीही नाही. मी पुन्हा मागवली. 'अशी फाईल नाही,' असं उत्तर आलं.

शेवटी मोजलं. सत्त्याहत्तर.

तेवीस नव्हत्या. आणि तेवीसच्या तेवीस सरांच्या चालू ओळी होत्या, म्हणजे ज्यांच्यावर ते आत्ता काम करत होते त्या. मागच्या दहा वर्षांतलं सगळ्यात चांगलं काम.

 एप्रिल महिना, बाहेर बेचाळीस डिग्री, आणि मी पदर अंगाभोवती घट्ट ओढून बसले होते. मग नभकोशच्या दातारांना फोन लावला. ते रविवारीही फोन घ्यायचे. तेच तर 'उत्तम' होतं.

"बोला ताई!"

मी काय झालं ते सांगितलं.

"अच्छा अच्छा. ताई, त्या फाईल्स कोणीतरी उघड्या ठेवत असेल. उघडी फाईल आपली सिस्टीम उचलत नाही. स्किप करते."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तौर सर आपला मोठा तक्ता कधीच बंद करत नसत. चालू ओळींच्या सगळ्या फायली त्याला जोडलेल्या. बंद केला आणि परत उघडलाच नाही तर, ही त्यांची भीती. संध्याकाळी ते केबिनला कुलूप लावत, पण तक्ता तसाच उघडा. महिनाभर त्या फायली एकदाही गेल्या नव्हत्या.

"पण तुमच्या रिपोर्टवर तर रोज हिरवी खूण येते," मी म्हणाले. "रोज सकाळी. यशस्वी म्हणून."

"बाकीच्या गेल्या ना ताई. म्हणून यशस्वी. तुम्ही बिलकुल टेन्शन घेऊ नका. सही झाली की सरांना सांगू, जाताना बंद करत जा म्हणून. मी उद्या येतोच आहे, पेढे घेऊन."

फोन ठेवला. खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या मनात जे आलं ते कोणाला सांगण्यासारखं नाही. मनात आलं, सत्त्याहत्तर म्हणजे पंचाहत्तरच्या वर. कपाशी असती तर पास. मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. सही थांबवा म्हणायचं, तर मी शनिवारी खोटं बोलले हे सांगावं लागणार होतं. आणि तेवढंच नव्हतं. त्या खोट्याखाली दुसरं खोटं होतं, ते मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

सोमवारी दातार खरंच पेढे घेऊन आले. गोरेपान, हसतमुख, इस्त्रीचा शर्ट. भाईजींच्या केबिनमध्ये टेबलावर करार, पेढ्यांचा खोका, सर्व्हरमधून काढून ठेवलेल्या चार डिस्क आणि एक हातोडा, असं सगळं ओळीनं मांडलेलं होतं. तौर सर कोपऱ्यातल्या खुर्चीत, मांडीवर त्यांची कापडी पिशवी. डोळे लाल. त्यांना झोप लागली नव्हती हे मला दिसलं, पण का ते कळलं नाही.

"चला, मुहूर्त चांगला आहे," भाईजी म्हणाले. सही केली. पेन ठेवलं आणि हातोडा उचलला. असली कामं ते दुसऱ्यावर सोपवत नसत. "एकदाचं हे भूत जातंय. मॅडम, जरा बाजूला व्हा."

मी बाजूला झाले नाही. मी काही शूरपणा केला असं नाही. पाय हललेच नाहीत.

"मॅडम?"

"भाईजी, नका," मी म्हणाले. आवाज इतका बारीक आला की मलाच ऐकू आला नाही. "नका फोडू. सगळं गेलेलं नाहीये."

"काय नाही गेलेलं?"

मी पर्स उघडली. चेन अडकली. सगळे बघताहेत आणि मी चेन ओढतेय. शेवटी कागद निघाला. "काल मी उगवण पाहिली. शंभर मागवल्या."

कोपऱ्यातून सरांनी विचारलं, "किती?"

"सत्त्याहत्तर."

भाईजींनी सुटकेचा निःश्वास टाकला. "अरे, मग पासच आहे की! मी घाबरलो ना."

सर हसले नाहीत. "कोणते तेवीस?"

मी वाचायला लागले. चारशे सतरा. चारशे एकोणीस. पाचशे आठ. प्रत्येक आकड्याला सरांची मान थोडी खाली जायची. अकराव्या की बाराव्या आकड्याला त्यांनी हात वर केला. "पुरे," म्हणाले.

दातार पुढे झाले. "सर, काही प्रॉब्लेम नाही. फाईल बंद केली की येईल ना सगळं. एवढंच आहे."

"ते येईल," सर म्हणाले. "खूण हिरवी का होती?"

दातारांनी पेढ्यांचा खोका थोडा पुढे सरकवला. पंख्याखाली कराराचे कागद फडफडत होते.

भाईजींनी हातोडा खाली ठेवला आणि माझा तक्ता पुढे ओढला. "मग ती दुसरी कंपनी? पण तिथं तर तुम्हीच लिहिलंय, मदत वेळेवर मिळत नाही."

आली ती वेळ.  मला वाटलं, आता खाली पडेन तर बरं होईल, निदान उत्तर द्यावं लागणार नाही. पण मी पडलेही नाही.

"मिळते," मी म्हणाले. "मी एकदाच फोन केला होता. माझ्याकडून पासवर्ड तीनदा चुकला आणि खातं बंद पडलं, म्हणजे फायली जात होत्या, पण मला आत शिरता येईना, ते उघडायला. तिकडून बाई इंग्रजीत बोलल्या. मला... मला काही सुचलं नाही. मी फोन ठेवून दिला. परत केलाच नाही. तक्त्यात ते मी माझ्या मनानं लिहिलं."

 माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मी ते पुसलंही नाही.

"म्हणजे तुम्हाला इंग्रजी बोलायची भीती वाटली," भाईजी एकेक शब्द तोडत म्हणाले, "म्हणून माझी कंपनी पुण्याला?"

"हो, भाईजी."

त्यांचा चेहरा लालबुंद झाला. आठ वर्षं ज्याची वाट बघत होते ते 'उठा' आता ऐकू येणार, हे मला कळलं. पण त्यांच्याआधी सर उठले. टेबलावरचा फोन उचलून त्यांनी माझ्यासमोर ठेवला.

"लाव," म्हणाले.

"सर, मला नाही जमणार."

"माझं इंग्रजी तुझ्याहून वाईट आहे. आणि पासवर्ड तुझा आहे. लाव, मी इथंच थांबायलोय."

 दोनदा नंबर चुकला. मग घंटी वाजली आणि तीच किंवा तिच्यासारखीच एक बाई भराभर काहीतरी बोलली. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. काय बोलले ते मला नीट आठवत नाही. मागाहून सर नक्कल करून दाखवायचे, 'मॅडम, माय अकाउंट इज लॉक, माय फाईल इज इनसाइड, प्लीज ओपन, आय ॲम व्हेरी फियर.' बाई हसल्या नाहीत. सावकाश बोलायला लागल्या. मला न कळलेला प्रश्न त्यांनी तीनदा विचारला, तीनही वेळा सारख्याच शांतपणे. बारा मिनिटांत खातं उघडलं.

त्याच शंभर फायली मी मागवल्या. दातार मध्येच कधीतरी निघून गेले, पेढे तसेच ठेवून. पेढ्यांना कोणी हात लावला नाही. भाईजी येरझाऱ्या घालत होते. सव्वाएकला शेवटची फाईल आली. मी एकेक उघडली, सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून प्रत्येक ओळीची मादी आणि नर बघत होते. चारशे सतरा आली तेव्हा त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट आवळला गेला.

"शंभर," मी म्हणाले. "हे उघडी फाईलही उचलतात."

भाईजींनी करार फाडला. मला म्हणाले, "जेवून घ्या. मग बोलू." ते बोलणं नंतर झालं आणि खरपूस झालं, पण नोकरी राहिली. डिस्क पुढे वर्षभर तिजोरीत होत्या. भाईजींनी हातोडा परत काढला नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी सरांच्या केबिनमध्ये गेले. ते डबा समोर घेऊन नुसते बसले होते.

"सर, मी शनिवारी खोटं बोलले."

"माहितीये मला."

"कसं?"

"मी विचारलं, उगवण पाहिली का. तू म्हणालीस, पाहिली." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "ज्यानं पाहिली असती, त्यानं आकडा सांगितला असता."

 मग भीतीच्या जागी राग आला, खराखुरा. "मग तेव्हाच का नाही बोललात? मी आज गप्प बसले असते तर?"

"बोलायचं होतं. दोनदा तुझ्या टेबलापर्यंत आलो." ते खिडकीबाहेर बघायला लागले. "आणि परत गेलो. वाटलं, ही म्हणाली 'नाहीच पाहिली' तर पुढं काय, ते मला ठाऊक नव्हतं. तू एकटीच भितेस असं वाटतं का तुला?"

मग त्यांनी ती कापडी पिशवी उघडली आणि शाळेतल्या पोरांची शंभर पानी वही माझ्यासमोर ठेवली. कव्हरवर बदकाचं चित्र होतं. नातवाची असावी. आत सरांचं अक्षर, पाकिटाचा आकडा, मादी, नर, साल. शनिवारी संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी आठवेल तसं लिहायला सुरुवात केली होती, ती सोमवारी सकाळपर्यंत. पहिली पानं नीट होती. मग खाडाखोड. मग नुसताच आकडा आणि पुढे रिकामी जागा. एके ठिकाणी पेन इतकं दाबलं होतं, की कागद फाटला होता.

"हे जाळून टाक," सर म्हणाले. "भाईजींनी पाहिलं तर दोघांनाही घरी बसवतील."

मी वही पदराखाली घेऊन मागच्या अंगणात गेले. काडी पेटवली आणि विझवली. आधी खाली बसून मोजलं. सगळ्या नाही, माझ्या पर्समधल्या कागदावरच्या शंभरच. वहीत शोधत, एकेकीवर बोट ठेवून, मादी, नर, साल असं सगळं भरलेल्या तेवढ्या. मग जाळली. राख चपलेनं दाबून मातीत मिसळली आणि परत आले.

सर हात धुऊन पुसत उभे होते. "जाळली?"

"एकतीस, सर," मी म्हणाले.

त्यांनी टॉवेलची घडी केली आणि परत उलगडली.

"मला वाटलं होतं," ते म्हणाले, "पन्नास तरी असतील."